स्वतःची हेळसांड हा त्याग नव्हे

खेड्यातील पुष्कळ घरांत रात्रीचे जेवण कसे होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुरुष व मुले प्रथम जेवतात. घरची बाई उरलेसुरले खाते, भांडी घासते, सर्वांच्या मागून निजते आणि पहाटे सर्वांच्या आधी उठते. कोणी विचारलेच, तर "माझे काय, मला चालते," असे म्हणते. यास आपण त्याग म्हणतो व तिची स्तुती करितो. ही स्तुती योग्य आहे काय, याचा आज थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

त्याग म्हणजे दुसऱ्याची गरज भागावी म्हणून आपले सोडणे. दुष्काळात आईने आपला घास लेकराच्या मुखी घातला, तर तिच्यापुढे आमचे मस्तक लवेल. परंतु घरात धान्य असता केवळ रीत म्हणून ती अर्धपोटी राहिली, तर त्याने कोणाचे पोट भरते? कोणाचेच नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा 57 जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक मोठे कारण होय. अशा स्थितीत गर्भ राहिला, तर आईबरोबर बाळासही धोका पोहोचतो. म्हणजे आईच्या या त्यागाची किंमत शेवटी लेकरूच भरते.

पुरुषांची कथा थोडी निराळी. कर्जाची व पिकाची चिंता ते मनातच गिळतात आणि त्यास धैर्य समजतात. मग झोप उडते, शब्दाला शब्द लागतो, आणि न बोललेले दुःख मुलांच्या पाठीवर उतरते.

कोणी म्हणेल, "मोलमजुरी करणाऱ्यास शरीराचे लाड कसे परवडावे?" पण भर दुपारी औत सोडून बैलास सावलीत बांधणारा शेतकरी त्यास लाड म्हणत नाही. आणि आम्ही सांगतो त्या सवयींस पैसाही फारसा लागत नाही. सर्वांनी एकत्र जेवावे. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यांतील लोह अंगी लागते. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावा, कारण तो लोहास अडवितो. स्वयंपाकापूर्वी व शौचानंतर हात साबणाने धुवावे. प्रौढ माणसास सुमारे सात तास झोप मिळावी. निजण्यापूर्वी एकमेकांस "आज मन कसे आहे?" असे विचारावे, आणि उत्तर ऐकून घ्यावे. खिन्नता दोन आठवडे हटली नाही, तर सरकारी दवाखान्यात जावे. तापासाठी जाण्यात लाज नाही, तशी यातही नाही.

मात्र एक गोष्ट विसरू नये. "बाई, तू पुरेशी झोप घे," एवढे सांगून भागत नाही. पाण्याचा एक हंडा दुसऱ्या कोणी तरी उचलला पाहिजे. जो स्वतः काही सोडीत नाही, त्याने दुसऱ्याच्या त्यागाची स्तुती करणे फार सोपे असते.

शरीर व मन ही आपणांस सांभाळावयास मिळालेली ठेव आहे. ती उधळण्याचा अधिकार आपणांस नाही आणि दुसऱ्यास उधळू देण्याचाही नाही. तेव्हा वाचकहो, आज रात्री घरच्या बाईचे ताट सर्वांच्या बरोबर वाढा. ती संकोचेल, नको म्हणेल. तरी तिच्यावाचून कोणी पहिला घास घेऊ नये.