उसातल्या बिबट्याचं गाव कोणतं?

बिबट्या दिसला की आमच्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, "पिंजरा लावा आन् नेऊन जंगलात सोडा त्याला." मला प्रश्न पडतो, कोणत्या जंगलात? सायखेडा, चांदोरी, करंजगाव, हा सगळा गोदाकाठ. नांदूरमधमेश्वरला इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, कालवे निघाले, पाण्यामागं ऊस आला. ऊस वर्षभर उभा राहतो. मादी तीन महिन्यांत विते. पिल्लं पाचटातच डोळे उघडतात. तोडणीत सापडली, तर वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवतात, रात्री आई येऊन घेऊन जाते. ज्यानं आयुष्यात डोंगर पाहिला नाही, त्याला 'घरी' म्हणून डोंगरात सोडायचं?

जुन्नरकडं हे करून झालंय. पंचवीसेक वर्षांमागं तिथले बिबटे धरून दुसरीकडं सोडले, तर माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला. अकोल्याच्या उसात त्यांना दिसलं, की बिबट्याच्या पोटात सगळ्यात जास्त कुत्रंच जातं. आता कुत्री कशावर वाढली? आपल्या उकिरड्यावर, पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर. म्हणजे ताट आपणच वाढलेलं.

पण म्हणून 'त्याचंही घर आहे, सांभाळून घ्या' असं ज्या बाईचं लेकरू गेलं तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. शहरात बसून हे म्हणणं सोपं आहे. नुकसानभरपाईचा कागद हातात देऊन ते फिटत नाही.

बिबट्या माणूस टाळतो, रात्री फिरतो. आणि शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. मग आम्हीही बॅटरी घेऊन त्याच वेळेला पाणी भरायला उसात. दिवसा लाईट द्या ही मागणी लोक बिलाच्या मागणीसारखी समजतात. मला ती जिवाची वाटते.

तरी आम्हा बागायतदारांना निदान पक्कं घर आहे. ऊसतोडीची टोळी येते ती फडाशेजारी कोपी घालते. पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात, पोरं मागं पाचटावर निजलेली. ऊस माझा, साखर कारखान्याची, आणि राखण त्या पोरांच्या नशिबाची. कोपीपाशी एक दिवा आणि पोरांकडं बघायला एक माणूस, एवढा खर्च ऊस मालकानं करायलाच पाहिजे, असं मी गावात बोलतो. लोक म्हणतात, टोळी दोन महिन्यांची, कशाला?