खरेदीदाराचे मौन

पानिपतला गेलेला मराठी माणूस काला अंब पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. शहरापासून सात-आठ किलोमीटरवरील त्या जागी आज ते आंब्याचे झाड नाही. विटांचा स्तंभ आणि त्यावरचा लोखंडी दांडा एवढीच खूण उरली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सांडलेल्या रक्ताने त्या झाडाची पाने काळवंडली, अशी लोकश्रुती आहे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी तेथे माझ्या भाच्याबरोबर बसलो होतो. परंतु आमचे बोलणे इतिहासाविषयी नव्हते. एका जुन्या गिटारीवरून आमचा वाद चालला होता, आणि त्या वादातील शरमेची बाजू माझी होती.

भाचा दिल्लीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात गिटार वाजवतो. जुनी, अर्धपोकळ विजेची गिटार आपल्याजवळ असावी, ही त्याची अनेक वर्षांची इच्छा. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ साली बाजारात आणलेल्या ईएस-३३५ या वाद्याने ही घडण रूढ केली. पूर्ण पोकळ गिटारीचा नाद मधुर खरा. पण ध्वनिवर्धकावर तो फार वाढवला की वाद्य आपणच किंचाळू लागते. म्हणून या वाद्याच्या मधोमध मेपल लाकडाचा भरीव ठोकळा बसवतात, दोन्ही बगला पोकळ ठेवतात आणि त्यांवर इंग्रजी 'एफ' अक्षराच्या वळणाची दोन छिद्रे कोरतात.

पानिपतच्या एका घरात असे वाद्य माळ्यावर पडून असल्याचे त्याला कळले. घरातील वृद्ध बाईंचे दिवंगत यजमान तरुणपणी दिल्लीच्या एका हॉटेलात वाद्यवृंदात वाजवीत असत. त्या प्रांतात थोरल्या काकूला 'ताई' म्हणतात. भाच्याने पहिल्याच वाक्यात त्यांना 'ताईजी' म्हटले, आणि त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला. गिटारीचे त्यांनी बारा हजार रुपये सांगितले. वर त्या छिद्रांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आतून पोकळ आहे, बेटा, म्हणून जास्त मागत नाही." भाच्याने छिद्रातून आतली चिठ्ठी वाचली. त्याचा चेहरा पाहून मी समजलो. बाजारात त्या वाद्याला निदान दसपट किंमत आली असती. संध्याकाळी पैसे घेऊन येतो, असे सांगून आम्ही बाहेर पडलो, आणि वाटेत मी त्याला म्हणालो, "तू काही बोलू नकोस."

माझ्याजवळ युक्तिवाद पुष्कळ होते. १९३०चा मालविक्रीचा कायदा घेणाऱ्याने आपला माल पारखून घ्यावा असे सर्वसाधारणपणे मानतो. देणाऱ्याला त्याच्या मालाची किंमत समजावून सांगण्याची जबाबदारी तो घेणाऱ्यावर टाकत नाही. शिवाय ज्ञानही कष्टाने मिळवलेले असते. भाच्याने वर्षानुवर्षे या वाद्यांचा अभ्यास केला. त्याचे फळ त्याने का घेऊ नये? रद्दीच्या दुकानात दुर्मिळ ग्रंथ मिळाला, तर आपण दुकानदाराला हाक मारून त्याचे मोल सांगतो काय?

भाच्याने एवढेच विचारले, "त्यांना खरी किंमत ठाऊक असती, तर त्यांनी ही बारा हजारांना दिली असती का?"

या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. ज्ञानाला मोबदला असावा, हे मला आजही मान्य आहे. पण ज्ञानाने केलेले काम आणि ज्ञानाने पाळलेले मौन यांत भेद आहे. पानिपतच्याच गिरण्यांत परदेशांतून आलेले जुने लोकरीचे कपडे फाडून, पिंजून त्यांचे सूत काततात आणि त्याच्या घोंगड्या विणतात. त्या चिंध्यांची किंमत वाढते ती माणसाच्या श्रमाने. आमच्या सौद्यात कसलाच श्रम मिळवायचा नव्हता. नफा जन्मणार होता तो केवळ न बोलण्यातून.

पुढे १८७२च्या करार कायद्यातील एक दाखला माझ्या वाचनात आला. सदोष घोडा लिलावात विकणारा दोषाविषयी गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे, असे तो कायदा म्हणतो. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सत्य सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. तेव्हा मला 'ताईजी' हा शब्द आठवला. नाते आम्ही होऊन जोडले होते, त्या नात्याचा चहा प्यालो होतो, आणि व्यवहाराच्या क्षणी मात्र लिलावातले परके होऊ पाहत होतो.

अर्थात सचोटी नात्यापुरतीच असावी, असे नव्हे. महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधार वाणी जाजली मुनीला धर्म सांगतो, तो आपला तराजू सर्वांसाठी सम असल्याच्या बळावर. रोमचा स्कायव्होला तर स्वतः घेणारा होता. जमिनीची किंमत विक्रेत्याने सांगताच, आपल्या मते ती अधिक मोलाची आहे, असे म्हणून त्याने लाख नाणी वर दिली. हा प्रसंग सांगून सिसेरो म्हणतो, की तो भला होता हे लोकांनी मानले, शहाणा होता हे मानले नाही. भलेपण आणि शहाणपण यांची ही फारकत सिसेरोला मान्य नव्हती. काला अंबच्या त्या दुपारी मी मात्र याच फारकतीचा वकील होतो.

त्या संध्याकाळी भाच्याने ताईजींना सारे सांगितले. त्या बराच वेळ गिटारीकडे पाहत राहिल्या. तेवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते, आणि ती फुकटात द्यावी इतकी त्यांची परिस्थिती नव्हती. काही महिन्यांनी ते वाद्य योग्य किमतीला दुसऱ्या कुणी नेले. सत्याचा मोबदला मिळतोच, असे या प्रसंगावरून मला सिद्ध करता येणार नाही. भाचा आजही आपली जुनीच गिटार वाजवतो आणि कधीकधी हळहळतोही. दिवाळीला मात्र तो ताईजींना न चुकता फोन करतो. शेजारच्या खोलीतून मी ते बोलणे ऐकतो; तो तिकडे बोलावतो, तरी फोन हाती घेण्याचा धीर मला अजून झालेला नाही.