चाळीस गुणांचा इतिहास

महाराष्ट्र मंडळाचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक अलीकडे ज्यांनी उघडलेलं नाही, ते पहिला धडा पाहून चक्रावतील. लढाया आणि तहांच्या जागी तिथे व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि चक्क फुको भेटतात. इतिहास लिहितात कसा, हाच धड्याचा विषय. 2018 साली आलेल्या या पुस्तकात पुढे बखरी येतात, चित्रपट, खेळ, पर्यटन आणि जुन्या ठेव्यांचं जतनही येतं. पंधरा वर्षांच्या मुलांपुढे इतकी धीट कल्पना आपल्याकडे क्वचितच मांडली गेली असेल. तिचं आपण काय केलं? ‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण’, चार पर्याय, एक गुण.

राज्यशास्त्रासह लेखी परीक्षा 40 गुणांची. घरोघरी मत ठरलेलं असतं : गणित-विज्ञानाला क्लास लावा, इतिहास शेवटच्या आठवड्यात पाठ होतो. वाईट म्हणजे, तो खरंच होतो. अपेक्षित प्रश्नसंच घोकून पस्तीस-छत्तीस गुण मिळवलेलं मूल अकरावीत विज्ञान किंवा वाणिज्य घेतं आणि इतिहासाशी त्याचा संबंध कायमचा तुटतो. पुढे तेच डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार, नगरसेवक होतं. मोबाइलवर आलेला ‘दडपलेला इतिहास’ रात्री अकरा वाजता पन्नास जणांना पाठवतं, तेव्हा त्याच्या गाठीशी असतं ते दहावीपर्यंतचंच. म्हणून माध्यमिक शाळेतल्या इतिहासाला मी फार मोठं मोल देतो. ‘हे कशावरून?’ असं रीतसर विचारायला शिकण्याची बहुतेकांना मिळणारी ती शेवटची संधी असते.

ही रीत शिकवायला फुकोपर्यंत जायचीही गरज नाही. 19 फेब्रुवारी 1630 ही शिवजयंतीची तारीख प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. ती ठरली कशी, हे मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही. उत्तरकालीन बखरींच्या आधारे महाराजांचा जन्म पूर्वी शके 1549च्या वैशाखातला, म्हणजे 1627चा मानत. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार. इथे फळ्यावर एक छोटंसं गणित करता येतं. 1551 मध्ये 78 मिळवले तर 1629 येतात. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, म्हणून मिळवायचे 79. आले 1630. वार जुळतो का, तेही ताडून पाहता येतं. इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या कालगणनेतली ती 19 फेब्रुवारी आजच्या कॅलेंडरप्रमाणे 1 मार्च, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो.

तरीही एका कागदावर विसंबायचं का? पुढे कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ तंजावरहून उजेडात आलं. महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच आज्ञेवरून रचलेलं हे संस्कृत काव्य तीच तिथी सांगतं. राजस्थानात मिळालेल्या कुंडलीनेही याच पक्षाला बळ दिलं. जेध्यांच्या घरातल्या नोंदी, दरबारचा कवी आणि दूरदेशीची कुंडली यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असण्याचा संभव कमी. म्हणून त्यांची साक्ष वजनदार. एवढं होऊनही 1927 साली त्रिशताब्दीचा उत्सव जुन्याच सालाला धरून झाला, आणि सरकारदरबारी नवी तारीख कायम व्हायला नव्या शतकाचा उंबरठा गाठावा लागला. पुरावा मिळणं आणि तो पचणं यांत किती अंतर असतं, हेही त्या मुलांना यातूनच कळेल.

असं शिकवलं तर अभिमान उणावेल, ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. मला ती पटत नाही. तिथीच्या वादात उतरलेल्या टिळकांनीच शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव उभा केला होता. वि. का. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगावची दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ 22 खंडांत छापली. त्यांचा अभिमान तर जहालच म्हणायचा. कागद तपासून घ्यायला या मंडळींना कधी भीती वाटली नाही. छाननीत टिकणार नाही असा अभिमान मुलांना देऊन आपण साधतो तरी काय?

आणि पोटापाण्याचं म्हणाल, तर 2023 साली मराठवाड्यात काय झालं ते आठवा. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले गठ्ठे सुटू लागले. कित्येक नोंदी मोडीत, आणि मोडी वाचणारे मोजकेच. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतवाच्या प्रवेशाचा नि नोकरीचा प्रश्न होऊन बसला. ‘इतिहासाचा उपयोग काय’ म्हणणारी घरंसुद्धा त्या दिवसांत जुने दाखले शोधत होती.

सगळा अभ्यासक्रम उलटापालटा करा, असं मी म्हणत नाही. शिक्षकांवर आधीच निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची ओझी आहेत. मंडळाला विनंती एवढीच : 40 पैकी पाच गुण पुस्तकात नसलेल्या एखाद्या कागदासाठी राखा. जुनं पत्र, जाहिरात, पावती, काहीही चालेल. तो कुणी लिहिला, कधी, कुणासाठी आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, हे मुलांना विचारा. पाच गुण पणाला लागले की शाळा आणि क्लासवाले बाकीचं आपोआप शिकवतील.