आजीची ओवी आणि इंटरनेट

चि. मुक्ता हिस,


तुझा निरोप वाचला. आजीला ओवीची पहिली ओळ आठवते, दुसरी काही केल्या येत नाही. तू ती फोनवर शोधलीस, सापडली, वाचूनही दाखवलीस. त्यावर ती म्हणाली, ‘ही माझी न्हाई.’ आणि तू लिहितेस, आजी विसरली आहे, इंटरनेटवरची बरोबर. मुक्ता, असं तिला सांगू नकोस.

जात्यावरची ओवी एकाच रूपात नसते. दळणारी बाई तिच्यात आपल्या भावाचं नाव घालते, माहेरचं गाव घालते, सासरचं दुःखही घालते. पहिली ओळ दहा गावांत सारखी असेल, दुसरी प्रत्येकीची निराळी. तुला सापडली ती दुसऱ्या कुणा बाईची. तीही खरीच, पण आजीची नव्हे.

पण म्हणून शोधणं सोडू नकोस. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हजारावर खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७पासून त्या प्रसिद्ध होत आहेत, कित्येक बायांच्या आवाजासकट. आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या, १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्याही तिथं आहेत. पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण थांबलं, आणि ते थांबल्यावर गाणंही जिभेवरून उतरलं. अशा वेळी ही माणसं गावोगाव फिरली. त्यांचे उपकार फार मोठे आहेत.

आजीला त्या ओव्या वाचून दाखवू नकोस, ऐकव. नुसतं ‘आठव’ म्हटलं की माणूस गोंधळतं, ओळखीचा सूर कानी पडला की अडलेले शब्द पुष्कळदा सुटतात. एक ओवी लावायची, फोन बंद करायचा आणि गप्प बसायचं. घाई केलीस तर ती तुझ्या समाधानासाठी ‘हो, हीच’ म्हणेल, आणि तिची कायमची जाईल. हाताला काम दे, शेंगा फोडायला दे. शक्य असेल तर माळवदाखालचं जातं बाहेर काढ आणि खुंट्याला हात लावू दे. ती गाणी हात फिरत असतानाच यायची.

शोधताना शब्द ती उच्चारते तसे लिही. ‘माझ्या’ मिळालं नाही तर ‘माज्या’ लिहून बघ, ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’. पुस्तकी भाषेनं शोधशील तर बोलीत लिहिलेलं हाती लागणार नाही.

आणि ती गाईल ते ध्वनिमुद्रित कर. आधी तिचं नाव, माहेर, सासर तिच्याच तोंडून बोलवून घे. मग वहीतही उतरव. ऑर्कुट हे संकेतस्थळ २०१४मध्ये बंद झालं आणि पुढे तिथल्या मराठी गप्पा, आठवणी गेल्या, म्हणून नुसत्या ‘क्लाउड’वर विसंबू नकोस. तिला एखादी ओळ आठवलीच नाही तर जागा कोरी सोड. इंटरनेटवरची आणून तिथं बसवू नकोस.

दादाला सांग, दिवाळीत नगरहून रेल्वेनं थेट कड्याला उतरेन. तोवर निदान भावावरच्या ओव्या उतरवून ठेव, आजीला त्या सगळ्यात जास्त येतात.

तुझी,
आत्या