ओझे कुणाचे, कौतुक कुणाचे?

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथलीच. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. आम्हालाही आनंद झाला. पण एक प्रश्न पाठ सोडत नाही. जे हुनर अंगावरून उतरून काचेआड गेले, ते वाचले म्हणायचे की संपले?

फेटिया आणि कांचळी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. कापडावर नक्षी न आखता, धागे मोजत घातलेले टाके. त्यांत आरसे, कवड्या, जुनी नाणी आणि लोकरीचे गोंडे. बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या माणसांची सारी दौलत बाईच्या अंगावर असे. मग रेल्वे आली आणि तो व्यापार बुडाला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास पुढे बंजारांभोवतीही आवळला. तो 1952 पर्यंत सुटला नाही. त्या काळात हाच पेहराव दुरून ओळख पटवून देत होता.

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर आम्ही एका वृद्ध याडीला विचारले, "सुना हे का घालत नाहीत?" ती हसली. "बाबा, हे घालून एक दिवस निंदायला जाऊन बघ."

आम्ही गप्प झालो. पुरुषांनी शर्ट-पँट कधीच स्वीकारली, तेव्हा संस्कृती बुडाल्याची ओरड कुणी केली नाही. ओळख सांभाळायची ती बाईनेच! आमच्या कौमीत तरी वेगळे काय आहे? पेहराव ठेवला तर मागासलेले, सोडला तर परंपरा विसरलेले. फैसला मात्र नेहमी दुसऱ्यांचा.

म्हणून वाटते, पेहराव आणि हुनर वेगळे मानावेत. काय ल्यावे हे तिचे तिने ठरवावे. सुई मात्र हाती राहू शकते, तिला रोजी मिळाली तर. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला 2010 साली भौगोलिक निर्देशन मिळाले. 2023 मध्ये हंपी येथे साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या 1755 वस्तू मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्या स्त्रिया कारागीर म्हणून पुढे आल्या, देखावा म्हणून नव्हे.

शहरात जुन्या फेटियाचे तुकडे जोडून शिवलेल्या पिशव्या मिळतात. ती खांद्याला लावताना आपण एवढे तरी विचारावे : हे टाके घालणाऱ्या हातांना काय मिळाले? त्याचे उत्तर मिळत नसेल, तर आपले कौतुकही फुकटचेच.