शंका घेणे पाप आहे का?



2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत उत्तमराव जानकर यांच्या समर्थकांनी 3 डिसेंबरला मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरविले. माळशिरसची जागा जानकर जिंकले होते. तरी गावात त्यांना 843 व राम सातपुते यांना 1003 मते, हे त्यांना पटेना. प्रशासनाने जमावबंदी लावली. मतदान झाले नाही.

गावाने स्वतःच निवडणूक घेणे कायद्यात बसत नाही, हे खरेच. पण बंदीने शंका मिटते का? प्रभू येशूने थॉमसला आधी आपले घाव दाखविले, मग त्याची कानउघाडणी केली. थॉमसनेही पाहिल्यावर मानले, हे आपण विसरतो. आपल्या तालुक्यात ग्रामपंचायतीचे निकाल लागले, की पाहूनही न मानणारे भेटतात. आणि विचारले म्हणून रागावणारेही.