बुरूज बांधण्यापूर्वी



बारावीनंतर घराघरांत एकच प्रश्न असतो: कॉलेज कोणते? काही तरुण-तरुणी स्वतः कमावून किंवा स्वतःच्या नावावर कर्ज काढून शिकतात. हे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी.

संत लूककृत शुभवर्तमानात (१४:२८-३०) प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीतर पाया घालून काम अडते आणि लोक हसतात. प्रभू बोलतो शिष्यत्वाविषयी, पण उदाहरण घेतो व्यवहारातले. हिशेब करणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे.

तर बसूया. दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाखांचे कर्ज घेतले आणि व्याज १० टक्के धरले. हप्ते साधारणतः शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढते. सरळव्याजानेही तोवर १ लाख ४० हजार होतात. म्हणजे पहिल्या हप्त्याआधीच डोक्यावर ५ लाख ४० हजार!

आता प्रतिष्ठा. संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलला अनुसरून शिकवतात की, मान हा ज्याला मिळतो त्याच्यात नसतो, देणाऱ्याच्या ठायी असतो. कॉलेजचे नाव ऐकून शेजाऱ्यांनी केलेले कौतुक शेजाऱ्यांपाशीच राहते. हप्ता आपल्याकडे येतो. म्हणून नावापलीकडचे विचारा. पूर्णवेळ शिक्षक आहेत का? प्रयोगशाळा चालते का? मागील वर्षी किती मुलांना कोणत्या नोकऱ्या लागल्या? उत्तरे चांगली असतील तर जास्त फीसुद्धा योग्य ठरेल. केवळ भीतीपोटी स्वस्त निवडणे म्हणजे मिळालेले धन जमिनीत पुरणाऱ्या चाकरासारखे वागणे होय.

सवलतीही पाहा. २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

आईवडिलांनो, फी मूल भरणार असेल तर त्याच्या खांद्यावर आपल्या हौसेचे ओझे ठेवू नका. नाझरेथहून काही चांगले येईल का, अशी शंका नथनेललाही आली होती. तारणारा तिथूनच आला.

प्रभू आपल्या मुलांना सद्बुद्धी व धैर्य देवो. आमेन.

आपला धर्मगुरू